इराबरोबर वाचनाच्या प्रयोगशाळेत

पुण्याहून परतलेल्या माणसाला आमच्या अकोल्यात पहिला प्रश्न "काय आणलं?" असा असतो आणि दुसरा "काय काय पाहिलं?" असा. पहिल्याचं उत्तर मी बाकरवडीच्या पुड्याने दिलं. दुसऱ्याला मात्र पंचाईत झाली. शनिवारवाडा नाही, पर्वती नाही, लक्ष्मी रस्त्यावर साधी साडीसुद्धा घेतली नाही. पुण्यातला बराचसा आठवडा मी एका काचेसमोर बसून काढला. काचेपलीकडे माझ्या भाच्याची आठ वर्षांची मुलगी डोक्याला तारा लावून शब्द वाचत होती.

हे सांगितल्यावर शेजारणींचे चेहरे पडले आणि एकीने हळूच विचारलं, पोरीला काय झालं? काहीच झालेलं नाही, किंवा झालं असेल तर अजून कळलेलं नाही. प्रत्येकीला वेगळं सांगत बसण्यापेक्षा एकदाच लिहून काढते.

हिंजवडी, सोमवार

माझा भाचा समीर आणि त्याची बायको सई दोघंही संगणकाच्या कंपन्यांत आहेत आणि हिंजवडीत चौदाव्या मजल्यावर राहतात. गॅलरीतून खाली पाहिलं तर कंपन्यांच्या बसगाड्यांची रांग दिसते. त्या रांगेला लागूनच एक गोठा आहे आणि त्यात चार म्हशी आहेत. हिंजवडी हे कधी काळी गाव होतं, याचा आता तेवढाच पुरावा उरला असावा. आमच्याकडे पाहुणा आला की चहाच्या वेळेपर्यंत अर्धी गल्ली येऊन बघून जाते. इथे फाटकावरच्या पहारेकऱ्याने माझा फोटो काढला, तो समीरच्या मोबाईलवर पाठवला, आणि "ही बाई तुमचीच का?" याचं उत्तर आल्यावरच मला आत सोडलं.

मी शेगावच्या कचोऱ्या नेल्या होत्या. त्यातल्या काही खाऊन झाल्यावर इरा पुस्तक घेऊन बसली. ही पोर एरवी बोलायला लागली की थांबत नाही. म्हशींची नावं तिने ठेवली आहेत आणि त्यांची भांडणं ती वरून सोडवते. पुस्तक उघडलं तशी ती गप्प झाली. एकेका अक्षरावर बोट ठेवून चाचपडू लागली, 'झाडावर' या शब्दाशी अडली आणि तिथेच थांबली. सई शेजारी बसून तिच्या पाठीवर हात फिरवत होती. सईने मुलं वाढवण्यावरची बरीच पुस्तकं वाचली आहेत. आवाज चढवणं तिच्या घरात वर्ज्य आहे.

इरा झोपायला गेल्यावर सईने मला सगळं सांगितलं. शाळेने कळवलं होतं की मुलगी वाचनात फार मागे आहे, तिला तज्ज्ञांकडून तपासून आणा, काय अडतंय ते कळलं की आम्हाला मदत करता येईल. शनिवारची वेळ ठरली होती. पण त्या तपासणीच्या विचारानेच सईचा जीव खालीवर होत होता. "एकदा शिक्का बसला की जन्मभर पुसत नाही, आत्या," ती म्हणाली. त्यातच तिला कळलं की एका संस्थेत मुलांचा मेंदू वाचायला कसा शिकतो याचा अभ्यास चालतो आणि त्यांना या वयाची मुलं हवी आहेत. तिने इराचं नाव दिलं. हा फक्त अभ्यास आहे, कुठल्याही एका मुलाचा निकाल मिळणार नाही, असं त्यांनी आधीच बजावलं होतं. सईने मान डोलावली आणि मनातली आशा तशीच ठेवली. तिथले लोक काहीतरी चांगलं बोलले तर शनिवार टळेल, असा तिचा हिशेब होता. दोघांनाही सुट्टी नव्हती, म्हणून इराला रोज घेऊन जायला मला अकोल्याहून बोलावलं होतं.

खडकीच्या अलीकडे, मंगळवार

वाकड आणि औंधच्या गर्दीतून बाहेर पडल्यावर एकदम लष्करी भिंती आणि मोठी झाडं लागतात. तिथेच ती संस्था आहे. मुलांचं डोकं तपासतात ते कुठे, असं मी दारावरच्या माणसाला विचारलं. त्याने वर्तमानपत्रातून मान वर न काढता सांगितलं, "इथे सगळ्यांचंच तपासतात. मुलांचं दुसऱ्या मजल्यावर."

सकाळी मी इराला नीट तयार केलं होतं. महत्त्वाच्या कामाला निघालेल्या मुलीचं डोकं कोरडं असू नये, असं आमच्याकडे मानतात. परीक्षेच्या दिवशी तर आई टाळूवर चांगलं बचकभर तेल थापत असे, डोकं थंड राहावं म्हणून. मेथी घालून कढवलेलं घरचं खोबरेल मी सोबत नेलंच होतं. ते मुळापर्यंत चोळलं आणि दोन घट्ट वेण्या घातल्या. इराने आरशात पाहून आपण जुन्या फोटोतल्या मुलीसारखं दिसतो असं सांगितलं. मी ते कौतुक समजले.

तिथे फातिमा नावाची मुलगी मुलांना टोपी घालायचं काम करते. पोहताना घालतात तशी ती टोपी असते, पण तिला जागोजागी बारीक चकत्या आणि चकत्यांना तारा जोडलेल्या असतात. फातिमाने इराच्या केसांना हात लावला आणि तो तसाच हवेत धरून ठेवला. मग तिने गौरीताईंना हाक मारली. या अभ्यासाच्या प्रमुख डॉक्टर गौरी, नारायण पेठेत वाढलेल्या, चाळिशीच्या. मुलं त्यांना गौरीताई म्हणतात, म्हणून मीही म्हणू लागले.

"काकू, केस धुऊन आणा, तेल नको, असा मेसेज पाठवला होता," त्या म्हणाल्या. मेसेज सईला गेला होता आणि सई सकाळीच बसमध्ये बसली होती. तेल असलं की चकत्या चिकटत नाहीत. "आज टोपी घातली तर आमच्या यंत्राला तुमच्या तेलाचाच अभ्यास करावा लागेल."

मी ओशाळले. पण गौरीताईंनी सांगितलं की दर आठवड्याला एखादी आई हे करतेच. मेसेज वाचूनही करते. डोक्याचं काम आहे म्हटल्यावर कोरड्या डोक्याने पाठवायला मन धजत नाही. येरवड्याच्या एका आईने तर लेकीच्या मेंदूचा फोटो निघणार म्हणून वेणीवर गजराही माळला होता. आमचा त्या दिवशीचा प्रयोग हुकला, पण दिवस फुकट गेला नाही. गौरीताईंनी आम्हा दोघींना सगळं दाखवलं.

मला समजलं ते असं. मेंदूत काम चालू असलं की अगदी क्षीण वीज उठते आणि त्या चकत्या ती टिपतात. पडद्यावर तिच्या रेघा दिसतात. पापणी लवली तरी रेघ उसळते. बोलणं मुलांना आपोआप येतं, पण वाचणं आपोआप येत नाही. डोळ्यांनी पाहायची जागा आणि बोलणं ऐकायची जागा यांच्यात वाट पाडावी लागते, आणि ती एकेका मुलाला नव्याने पाडावी लागते. त्यात आपल्या लिपीची वेगळीच गंमत आहे. 'कि' लिहिताना वेलांटी आधी दिसते आणि उच्चार मात्र क नंतर होतो. डोळा एकीकडे आणि जीभ दुसरीकडे. हे मेंदू कधी आणि कसं जुळवून घेतो, ते या लोकांना पाहायचं आहे. मी जन्मभर टपाल खात्यात लाखो पत्ते वाचले, पण वाचताना माझ्या डोक्यात एवढी धावपळ चालते याची मला कल्पना नव्हती.

घरी येऊन इराचे केस दोनदा धुतले. तेल माझ्या हातचं असल्यामुळे निघता निघेना.

बुधवार

सकाळी तिथल्या उपाहारगृहात मी पोहे ताजे आहेत का असं विचारलं. "शिळे हवे असतील तर उद्या या," गल्ल्यावरचा माणूस म्हणाला. आमच्याकडे हाच प्रश्न विचारला असता तर त्याने घासभर हातावर ठेवून चव बघायला सांगितलं असतं. पोहे ताजे होते. वर आमच्याकडची झणझणीत तर्री नव्हती, आणि ती मागायचा धीर मला झाला नाही.

इराचे केस पास झाले. टोपी घालून ती आतल्या खोलीत बसली आणि मी काचेच्या अलीकडे. समोरच्या पडद्यावर एकेक शब्द उमटे, इरा वाचे, आणि गौरीताई म्हणत, "छान. पुढे जाऊ." सुरुवातीला तिचा आवाज उंदरासारखा बारीक होता. शब्द आला 'बादली', आणि ती म्हणाली 'बाहुली'. मी खुर्चीच्या कडेला सरकले. गौरीताई म्हणाल्या, "छान. पुढे जाऊ." बाई उदार आहेत, असं मला वाटलं. नंतर 'टोपली'ची 'टोपी' झाली, तीही छान ठरली. हळूहळू इरा अडेनाशी झाली. तिचा आवाज मोकळा झाला. मधल्या सुट्टीत राजगिऱ्याची वडी खाऊन ती पुन्हा आपणहून टोपीखाली जाऊन बसली. या पोरीला मी प्रथमच वाचताना हसताना पाहिलं, आणि मला फार बरं वाटलं.

संध्याकाळी सईने चप्पल काढायच्या आधीच विचारलं, काय म्हणाले ते लोक? मी जे ऐकलं तेच सांगितलं, की प्रत्येक शब्दाला छान म्हणाले. चुकाही झाल्या हे मी म्हणाले होते, पण ते तिच्या कानांपर्यंत पोहोचलं की नाही कोण जाणे. तिचा चेहरा उजळला. ती फोन घेऊन गॅलरीत गेली, आणि परत आली तेव्हा शनिवारची वेळ रद्द झाली होती. रात्री तिने स्वतः पुरणपोळी केली. बुधवारी पुरणपोळी करणारं घर पुण्यात दुसरं नसेल.

गुरुवार

दुपारी गौरीताई, फातिमा आणि मी जिन्याच्या पायरीवर बसून जेवलो. यंत्राजवळ खायला बंदी आहे. गौरीताईंच्या डब्यात मटकीची उसळ होती, फातिमाच्या डब्यात खिमा आणि माझ्याकडे उरलेल्या कचोऱ्या. इरा आत फातिमाच्या फोनवर म्हशींची चित्रं बघत होती. मी सहज म्हणाले, इरा चांगलं वाचते असं तुम्हीच म्हणालात, म्हणून तिची आई फार खूश आहे. गौरीताईंनी हातातली कचोरी झाकणावर ठेवली.

मग त्यांनी मला त्यांची रीत सांगितली. 'छान, पुढे जाऊ' हे वाक्य ठरलेलं आहे. उत्तर बरोबर असो वा चूक, प्रत्येक मुलाला, प्रत्येक शब्दानंतर, त्याच सुरात म्हणायचं. त्याचा सराव करूनच ते काम सुरू करतात. चूक सांगितली की मूल घाबरतं. मग पुढच्या शब्दाला ज्या रेघा येतील त्या वाचनाच्या नसतील. "आम्ही वाचन मोजायला बसलोय म्हणायचं आणि भीती मोजत राहायचं, असं होईल ते," त्या म्हणाल्या.

 सईने शनिवारची वेळ रद्द केल्याचं मी सांगितलं. इराला खरंच काही अडचण आहे का, हे तुम्हाला दिसत असेलच, तेवढं तरी सांगा, असंही म्हणाले. त्यांनी मान हलवली. नोंदींवर नाव नसतं, नुसता क्रमांक असतो. पुष्कळ मुलांच्या रेघा एकत्र करून वर्षा-दोन वर्षांनी काही कळलं तर कळेल, आणि तेही सगळ्या मुलांबद्दल. "इराबद्दल मला चांगलंही सांगता येत नाही आणि वाईटही. त्यासाठीच ती शनिवारची तपासणी असते, काकू. ती टाळू नका." शिवाय शुक्रवारी, शेवटच्या दिवशी, इराला ते वाक्य काय होतं हे सांगायचं आहे, पालकांसमोर. तिच्या आईला घेऊन या, असंही त्या म्हणाल्या.

इराला सांगू नका, अशी मी अक्षरशः विनवणी केली. आईला सांगा, बापाला सांगा. पण पोर जन्मात प्रथमच आनंदाने वाचते आहे, तिला कशाला सांगायचं की ते कौतुक खोटं होतं?

"मुलांना खोटं सांगून त्यांच्या मेंदूचा अभ्यास करायचा आणि जाताना खरंही सांगायचं नाही, हे आमच्यात बसत नाही," गौरीताई म्हणाल्या. त्या रागावल्या नव्हत्या. कचोरी उचलून त्यांनी खाऊन टाकली आणि आत गेल्या. मला त्या क्षणी त्यांचा राग आला होता, हे लिहिलं पाहिजे.

घरी मी सईला सगळं सांगितलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली की उद्या ती त्यांच्याच तोंडून ऐकेल. त्यानंतर ती माझ्याशी फक्त मीठ हवं का एवढंच बोलली.

शुक्रवार

सईने सुट्टी काढली. वाटेत इरा आईला यंत्राची माहिती देत होती आणि सई प्रत्येक वाक्याला हो म्हणत होती. शेवटचा वाचनाचा फेरा झाला, टोपी निघाली, फातिमाने केस पुसून दिले. मग गौरीताई आपली खुर्ची ओढून इरासमोर बसल्या. सई आणि मी भिंतीला टेकून उभ्या होतो.

त्यांनी साध्या शब्दांत सांगितलं. "इरा, मी दर वेळी छान म्हणत होते ना, ते सगळ्या मुलांना म्हणते. बरोबर वाचलं तरी आणि चुकलं तरी. तू बरोबर वाचलंस म्हणून नव्हतं ते. हे तुला आधी सांगता आलं नाही, म्हणून आता सांगतेय."

मी इराकडे बघू शकले नाही. खाली फरशीकडे बघत राहिले.

"मला माहितीये," इरा म्हणाली.

गौरीताईंनी विचारलं, कधीपासून. बुधवारपासून, असं उत्तर आलं. 'बाहुली' म्हटल्याबरोबर तिलाच कळलं होतं की शब्द 'बादली' होता. तरी ताई छान म्हणाल्या, म्हणून तिने खात्री करून घ्यायचं ठरवलं. पडद्यावर मांजर आलं तेव्हा ती मुद्दाम कुत्रा म्हणाली. कुत्राही छान निघाला.

फातिमाला हसू आवरेना. गौरीताईंचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. मुद्दाम केलेली चूक कुठल्या रकान्यात घालायची, हे त्यांच्या शास्त्रात बसवलेलं नसावं. "अशा किती केल्यास?" त्यांनी जरा धास्तावून विचारलं. तेवढी एकच, इरा म्हणाली.

"आणि छान खोटं आहे हे कळल्यावरही वाचत राहिलीस?"

"मग भीतीच गेली ना. चुकलं तरी काही होत नव्हतं."

सई भिंतीपासून पुढे आली. निकालाबद्दल, शाळेबद्दल ती काहीतरी विचारणार असं मला वाटलं होतं. ती इरासमोर उकिडवी बसली. "म्हणजे घरी तुला भीती वाटते? मी तुला कधी ओरडले का गं?"

इराने खरंच विचार केला. तिला आईला दुखवायचं नव्हतं, हे दिसत होतं.

"ओरडत नाहीस," ती म्हणाली. "पण मी चुकायच्या आधी तू श्वास आत घेतेस. मग मला कळतं, आता चुकणार."

 सईचा हात इराच्या गुडघ्यावर होता तो तसाच राहिला. तिचे डोळे भरून आले, आणि माझेही. गौरीताई उठल्या, पाण्याचा ग्लास सईच्या हातात दिला आणि तपासणीचं पुन्हा एकदा सांगितलं. तिथे इराचं काय अडतंय ते नीट बघतील. काही निघालं तर शिकवण्याच्या वेगळ्या पद्धती आहेत, आणि वय लहान असताना त्या लवकर लागू पडतात. न निघालं तरी कळलेलं बरं. "हे तुमच्यामुळे झालंय असं समजू नका," त्या म्हणाल्या. "मुलं इतकी बारीक बघतात, की आम्ही त्यासाठी यंत्रं लावून बसलोय." पुण्यात इतकं मऊ बोललेलं मी त्या आठवड्यात प्रथमच ऐकलं. निरोप घेताना त्यांनी मला खास बजावलं की पुढच्या वर्षी इराला पुन्हा बोलावतील तेव्हा तेलाची बाटली अकोल्यातच ठेवा.

परत येताना वाकडच्या पुलाअलीकडे गाड्या तुंबल्या. सईने तपासणीच्या ठिकाणी फोन लावला. शनिवारची वेळ दुसऱ्या कुणाला गेली होती. पुढच्या आठवड्यातली मिळाली, ती तिने घेतली आणि समीरलाही कळवलं. मग फोन पर्समध्ये टाकून ती डोळे मिटून बसली.

इरा आमच्या दोघींच्या मध्ये होती. गाडी हलत नव्हती, म्हणून ती बाहेरच्या दुकानांवरच्या पाट्या वाचू लागली. कुणी सांगितलं नव्हतं. चहा वाचून झाला, भाडेकरू हवेत वाचून झालं. मग ती 'पंक्चर'शी आली. "पं... पंखा... नाही, पं... क..." तिचं बोट काचेवर होतं. शब्द माझ्या अगदी ओठावर आला, तो मी गिळला. इराने वळून आईकडे पाहिलं. सईने डोळे उघडले होते. तिचे खांदे वर आले आणि तिथेच थांबले. मग तोंड जरा उघडं ठेवून ती सावकाश श्वास सोडत राहिली, पोरीचा शब्द पुरा होईपर्यंत.